राहिलेली रजा

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळची पाळी अर्ध्यावर टाकून अरुंधती घरी आली. दार उघडलं तेव्हा पावणेबारा वाजले होते. तिनं बूट काढले, कोट अडकवला, हात धुतले आणि कुकर लावला. या वेळेला ती घरी कधी नसायचीच, त्यामुळे बाराच्या सुमाराला ऊन ओट्यावर कुठपर्यंत येतं, ते तिनं पहिल्यांदा पाहिलं. तीन शिट्ट्या झाल्यावर शेगडी बंद केली आणि ती स्टुलावर बसून राहिली. तीन वाजता अन्वी शाळेतून आली, तोवर कुकर निवून गेला होता आणि आई कामावरच्या कपड्यांतच बसलेली होती.

अरुंधती चव्वेचाळीस वर्षांची. पुण्यात कर्वेनगरच्या एका शाळेत तिनं अकरा वर्षं विज्ञान शिकवलं. नवऱ्याला, गुरुदत्तला, जर्मनीत हॅनोव्हरमध्ये ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि सहा वर्षांपूर्वी तिघं इकडे आले. तिच्या बी.एड.ला इथं कुणी विचारेना. मग भाषेचे वर्ग झाले, वर्षभराचा एक कोर्स झाला, आणि ती एका आल्टेनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, मदतनीस म्हणून लागली. त्याला तीन वर्षं झाली होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हमखास विचारायचं, "अजून तिथेच का गं?" ती म्हणायची, "हो, आवडतं मला." ते खरंच होतं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना बोलायला वेळ असायचा आणि तिचं सावकाश, शब्द शोधत बोललेलं जर्मन त्यांना बरं पडायचं.

त्यांत एक फ्राऊ वेसेल, म्हणजे वेसेलबाई, होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून पलंगावरच असायच्या, पण जीभ शाबूत होती. अरुंधतीला त्या 'फ्राऊ आरू' म्हणत. भारतात पत्र पाठवायला आता किती पडतात, असं रोज विचारत, आणि आकडा ऐकला की रोज तितक्याच संतापानं म्हणत, "ही तर लूट आहे!"

फ्राऊ वेसेलना स्वतःहून कूस बदलता येत नसे. पाठीला बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी त्यांना वळवायचं आणि टॅबवर वेळेसमोर खूण करायची, असा नियम होता. पण नोव्हेंबरात दोन मदतनीस सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. अठ्ठावीस माणसांमागे दोघी राहिल्या, आणि कुणी आजारी पडलं की एकटीच. एकटी असली की नाश्ते भरवता भरवताच साडेदहा व्हायचे. डिसेंबरात एकदा अरुंधतीच्या पानावर तीन चौकोन रिकामे राहिले, तेव्हा पाळीप्रमुख फ्राऊ ब्रांट तिला म्हणाल्या, "खूण करून टाक. सगळेच करतात. रिकामं दिसलं तर वर उत्तर मला द्यावं लागतं." त्या रागावल्या नव्हत्या. दमलेल्या होत्या.

पहिल्या दिवशी अरुंधतीनं धावत जाऊन उशिरा का होईना कूस बदलली आणि वेळ मात्र मागची टाकली. दुसऱ्या आठवड्यात न बदलताच खूण केली. पडद्यावर बोट ठेवलं की हिरवी रेघ उमटायची, एवढंच ते काम. तिच्या पाळीत चारदा वळवायला हवं होतं. ती दोनदा वळवायची. कधी एकदाच. खुणा मात्र चार.

जानेवारीत माकडहाडापाशी जखम दिसली. नर्सनं पट्टी केली. महिनाअखेरीला ताप भरला, फ्राऊ वेसेलना हॉस्पिटलात हलवलं, आणि नवव्या दिवशी त्या तिथेच गेल्या. आल्टेनहाइममध्ये त्याबद्दल कुणी कुणाशी बोललं नाही.

त्या मंगळवारी त्यांचा मुलगा खोली रिकामी करायला आला होता. साठीचा, उंच, दुःखानं वाकलेला माणूस. खोके भरून झाल्यावर तो व्हरांड्यात अरुंधतीला शोधत आला. त्याच्या हातात कागदांची चळत होती. आईच्या नोंदी त्यानं मागून घेतल्या होत्या.

"तुमचं नाव मी इतक्या वेळा वाचलं," तो म्हणाला. "दर दोन तासांनी. एकही चुकलेलं नाही. हॉस्पिटलवाले काही का म्हणेनात, तुम्ही माझ्या आईसाठी किती केलंत ते मला आता ठाऊक आहे."

त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"गेर्न," ती म्हणाली. म्हणजे, आनंदानं केलं. आभार मानले की इथं तसंच म्हणतात, आणि तिच्या तोंडून तेच निघालं.

तो गेल्यावर ती ऑफिसात गेली, प्रिंटरमधून एक कोरा कागद ओढला आणि लिहिलं की मी या क्षणापासून काम सोडते आहे. खाली नाव, तारीख, सही. किल्ल्या त्यावर ठेवल्या. फ्राऊ ब्रांट फोनवर होत्या. त्यांनी फोनवर हात धरला, कागद वाचला आणि म्हणाल्या, "असं जाता येत नाही. चार आठवड्यांची नोटीस असते."

"हो," अरुंधती म्हणाली, आणि कोट घेऊन निघाली.

जेवताना तिनं गुरुदत्तला सांगितलं.

"सोडलं म्हणजे? राजीनामा दिलास?"

"एका कागदावर लिहून दिलं."

"आणि नोटीस?"

"नाही दिली."

"अगं, पण झालं काय? कुणी काही बोललं का?"

"काही नाही. नको वाटलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. आता हिला रडू येईल, मग सगळं बाहेर पडेल, असं त्याला वाटलं असावं. तिनं त्याला आमटी आणखी हवी का विचारलं.

पुढचे कितीतरी दिवस ती सवयीनं पाचला जागी व्हायची आणि छताकडे बघत पडून राहायची. फ्राऊ वेसेलचा चेहरा डोळ्यांसमोर येईल याची तिला भीती वाटत होती. तो आला नाही. काहीच आलं नाही. दिवसभराची कामं ती नीट करत होती. कपड्यांच्या घड्या, भाजी, अन्वीच्या शाळेची पत्रं. कुणाचा फोन आला तर हसायची जागा आली की हसत होती.

मार्चमध्ये आल्टेनहाइमचं पत्र आलं. ते चार दिवस न फोडताच फ्रिजवर पडून होतं. शेवटी अन्वीनं फोडलं. ती पंधरा वर्षांची. घरातलं सगळं मराठी तिला कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. ओट्याला टेकून तिनं पत्र मोठ्यानं वाचलं. अरुंधतीनं नोटीस न देता काम सोडून करार मोडला आहे. तिच्या जागी माणसं आणण्याचा खर्च आल्टेनहाइमला सोसावा लागला, तेव्हा एक ते सतरा फेब्रुवारीचा पगार त्यापोटी ठेवून घेतला जात आहे. ती स्वतःहून गेल्यामुळे उरलेली रजाही बुडाली आहे.

"पण सतरा तारखेपर्यंत तू काम केलं होतंस ना?" अन्वीनं तिच्या जर्मनमध्ये विचारलं.

"केलं होतं."

"मग हे असं कसं?"

गुरुदत्तनं पत्र हातात घेतलं आणि दोनदा वाचलं. "जाऊ दे," तो म्हणाला. "एवढ्याशासाठी कोर्टकचेरी नको. आपला जर्मन पासपोर्टचा अर्ज चाललाय. उगाच कुठे नाव यायला नको."

"मीच सोडून आले," अरुंधती म्हणाली. "माझे कुठले ते पैसे?"

गुरुदत्तला वाटलं, ती नोटिशीबद्दल बोलते आहे. तिनं ते तसंच राहू दिलं.

अश्लेषा मंडळातली. तिशीची, एका कंपनीत पगारपत्रकाचं काम बघायची. एका रविवारी ती जेवायला आली. पाणी घ्यायला फ्रिज उघडताना चुंबकानं लावलेलं ते पत्र तिला दिसलं, आणि ती दार उघडं ठेवूनच वाचत उभी राहिली.

"ताई, हे कुणी लिहिलंय? असं नाही चालत."

"मी न सांगता आले गं निघून."

"ते चुकलं, मान्य. पण त्याची शिक्षा म्हणून त्यांना पगार खाता येत नाही. सतरा तारखेपर्यंतचा पगार तुमचा. रजा किती राहिली होती?"

"गेल्या वर्षीचे अकरा दिवस. ऑक्टोबरमध्ये मागितली होती, माणसं नाहीत म्हणाले."

"आणि यंदाच्या एका महिन्याचे अडीच, त्याचे तीन धरतात. चौदा झाले. नोकरी संपली की न घेतलेल्या रजेचे पैसे द्यावेच लागतात, ताई. तुम्ही नोटीस देऊन जा नाहीतर न देता जा. त्यांचं नुकसान झालं असेल तर त्यांनी ते मागावं, पण किती झालं आणि तुमच्यामुळेच झालं, ते आकड्यांनी दाखवून. तोंडी नाही."

"आणि मी नाही मागितले तर?"

"करारात मुदत असते, बहुतेक तीन महिन्यांची. तेवढ्यात लेखी मागितलं नाही तर बुडाले."

"बुडू देत."

अश्लेषानं गुरुदत्तकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले आणि पोळ्यांचा डबा पुढे केला.

अश्लेषा मात्र विसरणारी नव्हती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती टाइप केलेलं पत्र घेऊन आली. "इथे सही करा," म्हणाली. अरुंधतीनं केली. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं. दहा दिवसांनी उत्तर आलं. अकरा पाळ्यांना बदली द्यावी लागली, तेव्हा काहीही देणं लागत नाही. जूनमध्ये अश्लेषानं एक दिवस सुट्टी काढली आणि सकाळी आठला दारात येऊन उभी राहिली. "कामगार न्यायालयात जायचंय. वकील लागत नाही. तिथला कारकूनच तक्रार लिहून घेतो."

कारकून म्हणजे चष्मा लावलेली एक मध्यमवयीन बाई होती. तिनं करार पाहिला, पगाराच्या चिठ्ठ्या पाहिल्या, रजेचा हिशोब मांडला. अरुंधतीनं विचारलं, "मी का सोडलं, ते सांगू का?"

"त्याची गरज नाही," बाई टाइप करता करता म्हणाली. "फक्त तारीख सांगा."

अरुंधतीनं तारीख सांगितली. परत येताना ट्रामच्या खिडकीला डोकं टेकून ती बसली होती. अश्लेषा काहीतरी सांगत होती, आणि अरुंधती बरोबर जागी 'हं' म्हणत होती.

सुनावणी जुलैत होती. लहानशी खोली, उघड्या खिडक्या, बाहेरून येणारा गवत कापायच्या यंत्राचा आवाज. न्यायाधीश पन्नाशीच्या बाई होत्या. पांढरे आखूड केस, मनगटावर मोठं घड्याळ. समोर आल्टेनहाइमचे व्यवस्थापक हेर टीडेमान एक जाड फाइल घेऊन बसले होते. गुरुदत्तनं अर्धा दिवस रजा काढली होती. तो मागच्या बाकावर ऑफिसच्या शर्टात, हातावर हात ठेवून बसला होता. यायची गरज नाही असं अरुंधती म्हणाली होती, तरी आला होता.

न्यायाधीशांनी कागद चाळले आणि हेर टीडेमानना विचारलं, "सतरा दिवस काम झालं, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे. पण बाई न सांगता निघून गेल्या. आम्ही मोठ्या अडचणीत आलो."

"ते मला कळतं. पण अडचण वेगळी आणि नुकसानभरपाई वेगळी. त्या चार आठवड्यांसाठी तुम्हाला जास्तीचा खर्च किती आला? एजन्सीचं बिल आहे?"

"हे बघा ना," हेर टीडेमान म्हणाले आणि त्यांनी फाइलीतून पाळ्यांचे तक्ते काढले. "पिवळं केलंय ते सगळं यांचं. अकरा पाळ्या. किती मोठं खिंडार पडलं ते दिसेलच."

न्यायाधीशांनी चष्मा लावला आणि बराच वेळ तक्ते वाचले. पिवळ्या चौकोनांवरून त्यांचं बोट एकेक करून खाली गेलं.

"या अकरा ठिकाणी कुणाचंच नाव नाही," त्या म्हणाल्या. "बदली कोण आलं?"

"आम्ही आतल्या आत भागवलं."

"आतल्या आत म्हणजे? या दिवशी मजल्यावर एकच नाव दिसतंय. या दिवशीही. त्या एकीला जास्तीचे पैसे दिलेत?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही कुणालाच आणलं नाही. मग खर्च कसला? उलट पगार वाचला तुमचा."

हेर टीडेमान फाइल पुन्हा चाळू लागले. बाहेरचं यंत्र बंद पडलं.

अरुंधती त्या तक्त्यांकडे बघत होती. उलट्या बाजूनं तिला अक्षरं लागत नव्हती, पण पिवळे चौकोन दिसत होते. अठ्ठावीस माणसं, एक नाव. ती काम सोडून आल्यानंतरचे चार आठवडे. त्या मजल्यावर अजून पाच जण होते, ज्यांना दर दोन तासांनी वळवायचं असे.

"त्यांना कोण वळवत होतं?" तिनं विचारलं.

न्यायाधीशांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"या अकरा पाळ्यांत. बदली कुणीच आलं नव्हतं, तर पडून असलेल्यांना वळवलं कुणी? टॅबवर सगळ्या खुणा असतील. हिरव्या. एकही राहिली नसेल." तिचं जर्मन व्याकरण घसरत होतं, तरी ती थांबली नाही. "मी असताना मीही केल्या. न वळवता. महिनाभर, कदाचित जास्त. फ्राऊ वेसेल त्यात गेल्या. त्यांचा मुलगा येऊन मला धन्यवाद देऊन गेला. म्हणून मी निघाले. पगाराचं मला काही नाही."

"याचा इथे काय संबंध!" हेर टीडेमान खुर्चीतच अर्धवट उठले.

"बसा," न्यायाधीश म्हणाल्या. मग अरुंधतीकडे वळून थोडं सावकाश म्हणाल्या, "या खटल्याचा तो विषय नाही. इथे पगार आणि रजा, एवढंच मला ठरवता येतं. तुम्ही जे सांगताय त्यासाठी वेगळं कार्यालय आहे, वृद्धाश्रमांवर देखरेख ठेवणारं. तिथे जायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. जाण्याआधी कुणा वकिलाशी बोला, कारण त्यात तुमचंही नाव येईल." त्यांनी तक्ते बाजूला सारले. "पण काम केलेल्या दिवसांचा पगार तुमचा आहे. तो घेतल्यानं त्या गोष्टीचं काही कमी होत नाही आणि सोडल्यानंही होत नाही."

पुढचं दहा मिनिटांत झालं. हेर टीडेमान तडजोडीला तयार झाले. फेब्रुवारीचे सतरा दिवस आणि रजेचे चौदा, मिळून दोन हजार सहाशे तीस युरो, कर कापायच्या आधी. न्यायाधीशांनी तडजोडीचा मजकूर आवाज टिपायच्या यंत्रात बोलून घेतला, परत वाजवून दाखवला आणि विचारलं, "मान्य?" अरुंधती "हो" म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात गुरुदत्तनं मशीनमधून दोन कॉफ्या काढल्या. एक तिच्या हातात दिली आणि दुसरी मशीनमध्येच विसरला.

"हे तू मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तू विचारलं होतंस. मी सांगितलं नाही."

"सहा महिने?"

"पाच."

तो तिच्या शेजारी बाकावर बसला. समोरून वकिलांची एक जोडी हसत गेली. त्यानं विचारलं, "जाणार आहेस तू? त्या दुसऱ्या ऑफिसात?"

"हो."

"पासपोर्टचं..." तो म्हणाला. मग त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "ते बघू. वकील मी शोधतो. कंपनीत कपिल आहे, त्याचा एक ओळखीचा आहे."

ऑगस्टच्या पाच तारखेला पैसे जमा झाले. अरुंधतीनं फोनवर आकडा पाहिला आणि फोन खाली ठेवला. पगाराच्या चिठ्ठीवर एका ओळीत रजेचे चौदा दिवस मांडले होते. त्यातले अकरा ऑक्टोबरमध्ये मिळाले असते तर ती पुण्याला जाणार होती. आता तिथे जाऊन काय करायचं ठरवलं होतं, ते तिला आठवेना.

फ्राऊ वेसेलच्या मुलाला तिनं पत्र लिहिलं. पाच वेळा फाडलं. सहाव्यांदा चारच वाक्यं लिहिली, त्या खुणा खोट्या होत्या एवढंच, कारणं न देता, आणि पोस्टात टाकलं. उत्तर आलं नाही. येईल असं तिनं धरलंही नव्हतं.

मग ती त्या कार्यालयात गेली. दोन अधिकारी होत्या, एक तरुण आणि एक निवृत्तीला आलेली. वकील बाजूला बसला होता. तिनं सुरुवात केली तेव्हा तिला वाटलं, पाच मिनिटांत संपेल. दोन तास लागले. कुठल्या तारखा, किती जण, कोण काय म्हणालं, नेमक्या कुठल्या शब्दांत. तिला सगळं आठवत होतं. खोल्यांचे क्रमांक, कोण कुठल्या कुशीवर झोपायचं, कुणाला उशी कशी हवी असायची. तरुण अधिकारी लिहीत होती. मोठीनं मध्येच विचारलं, "फ्राऊ वेसेलना तुम्ही दिवसाला खरोखर किती वेळा वळवत होता?"

"दोनदा. काही दिवस एकदा," अरुंधती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात एक दिवस एकदाही नाही. तो गुरुवार होता."

मोठीनं मान हलवली आणि तेही लिहून घ्यायला सांगितलं. चौकशी होईल, दोनतीन महिने लागतील, पुन्हा बोलावू. तुमच्यावर काय कारवाई होईल ते आत्ता सांगता येत नाही. वकील म्हणाला, स्वतःहून आलात त्याचा उपयोग होईल. अरुंधतीनं सगळ्या पानांवर सह्या केल्या.

परत येताना ट्राममध्ये ती दाराजवळच्या सीटवर बसली. आपला थांबा आला हे तिला कळलं. दार उघडलं, माणसं उतरली, दार मिटलं. ती उठली नाही. पुढचे थांबे ती नुसती ऐकत राहिली, आणि ट्राम शेवटच्या स्टेशनात जाऊन थांबली. चालकानं मागे येऊन सांगितलं की गाडी इथवरच आहे, उतरावं लागेल.

ती उतरली. पर्सची चेन उघडेना, फोन नीट धरता येईना. शेवटी फोन तिथल्या बाकावर ठेवून तिनं एका बोटानं गुरुदत्तचा नंबर लावला.

"मी आपला थांबा सोडून पुढे आले," ती म्हणाली.

"कुठे आहेस? शेवटच्या स्टॉपला?"

"हं."

"बसायला जागा आहे?"

"आहे."

"बस तिथेच. मी निघतोय."

तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि बाकावर बसून ती त्याची वाट बघू लागली.